दवाखान्यातले मानसिक आजार: ओळखायचे कसे, औषध सुरू कसं करायचं आणि तडीला कसं न्यायचं

"डॉक्टर, गॅस वर चढतो, छातीत धडधडतं आणि मग हातापायातलं बळच जातं." कळव्यात, कोपरीत, घणसोलीत, फॅमिली डॉक्टरच्या ओपीडीत हे वाक्य ऐकल्याशिवाय दिवस मावळत नाही. ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल देऊन झालेलं असतं, ईसीजी काढून झालेला असतो, हौशी नातेवाइकांनी टू-डी इकोही करून घेतलेला असतो. सगळं नॉर्मल. मग "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका" म्हणून रात्रीची क्लोनाझेपाम ही झोपेची गोळी लिहिली जाते. पेशंट चार दिवस झोपतो आणि महिन्याभराने तीच तक्रार घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. क्लोनाझेपाम मात्र चालूच राहते, कारण केमिस्ट ओळखीचा असतो.

मी ठाण्यात मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे येणाऱ्या फायलींतल्या जुन्या चिठ्ठ्या वाचताना एक गोष्ट सारखी दिसते: औषधाची निवड बहुतेकदा बरोबर असते. एसिटालोप्राम हे नैराश्य-चिंतेचं औषध हवं तिथे एसिटालोप्रामच दिलेलं असतं. पण ते पाच मिलिग्रॅमवर अडकलेलं असतं, पंधरा दिवसांत बंद पडलेलं असतं आणि चिठ्ठीवर पुढच्या भेटीची तारीख नसते. म्हणून इथे भर आहे तो प्रश्नांच्या क्रमावर आणि पुन्हा भेटण्यावर. लेख एमबीबीएस आणि मेडिसिनच्या डॉक्टरांसाठी आहे. वाचणारा पेशंट असेल तर त्याने इथले डोस स्वतःवर लावून बघू नयेत.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. सर्वेक्षण झालेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपल्याकडचं चित्र फार निराळं असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. एवढ्यांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ देशात नाहीत. नैराश्य, चिंता, पॅनिक आणि दारू हे आजार गल्लीतल्या डॉक्टरनेच सांभाळायचे आहेत.

आधी जागा आणि वेळ

पडद्यापलीकडे चार पेशंट कान टवकारून बसलेले असताना कुणी मोकळं बोलत नाही. संशय आला की तपासून घ्या, बीपी लिहा आणि सांगा, "मावशी, तुमच्याशी जरा निवांत बोलायचंय. दुपारी दीडला, गर्दी ओसरल्यावर या." त्या वेळी पंधरा मिनिटं पुरतात. पहिली पाच मिनिटं नातेवाइकाला बाहेर बसवा, शेवटची पाच त्याला आत घ्या. सासू शेजारी बसलेली असताना सुनेला "घरात कसं आहे?" विचारलं तर "सगळं चांगलंय" याखेरीज दुसरं उत्तर यायचं नाही.

आपल्याकडे उदासी अंगातून बोलते. डोकं जड होणं, अंग मोडून येणं, मुंग्या, मळमळ, कंबर, "कशातच जीव लागत नाही". यातलं शेवटचं सोडलं तर बाकी सगळ्याला आपण गोळी देऊन मोकळे होतो. तक्रार खोटी ठरवू नका. "दुखतंय ते खरंच आहे. पण झोप आणि मन कसं आहे, तेही बघू या," असं म्हटलं की माणूस पुढे बोलतो. मग विचारा: हे किती दिवसांपासून, दिवसाचा किती वेळ, आणि त्यामुळे काय बंद पडलं? डबा करणं, कामावर जाणं, देवपूजा, हळदीकुंकवाला जाणं. बंद पडलेल्या गोष्टीवरून आजाराची खोली लगेच कळते.

मग शरीर, पण आटोपशीर

मनाचा आजार ठरवण्याआधी शरीरातली चोरटी कारणं बघायची, पण तपासण्यांचा डोंगर उभा करायचा नाही. सीबीसी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची) एवढं बहुतेकांना पुरतं. शाकाहारी माणसाला किंवा वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि पॅन्टोप्राझोल घेणाऱ्याला बी-१२ बघा. साठीपुढच्याला सोडियम बघा. चाळिशीपुढच्या पेशंटला पहिल्यांदाच धडधड सुरू झाली असेल तर ईसीजी काढल्याशिवाय पॅनिक हा शब्द उच्चारू नका.

औषधांची यादी स्वतः वाचा. स्टेरॉइडने माणसाचं मन अति चढूही शकतं आणि उदासही होऊ शकतं. क्षयरोगाच्या उपचारातलं सायक्लोसेरिन भ्रम निर्माण करू शकतं, आयसोनियाझिडही क्वचित करतं. फिटसाठीच्या लेव्हेटिरासेटामने चिडचिड वाढते. दम्याच्या मॉन्टेलुकास्टनंतर मुलाची वागणूक बदलली असं आई सांगत असेल तर तिचं ऐका.

तीन प्रश्न, ज्यांच्याशिवाय चिठ्ठी लिहायची नाही

पहिला प्रश्न उन्मादाचा, म्हणजे मॅनियाचा. उदास माणसाला आधी कधी मॅनिया होऊन गेला असेल आणि तुम्ही त्याला नुसतं अँटिडिप्रेसंट (नैराश्याचं औषध) दिलं, तर तो तीन आठवड्यांत घर डोक्यावर घेऊ शकतो. "तुम्हाला मॅनिया झाला होता का?" असं विचारून काही हाती लागत नाही. असं विचारा: "कधी चार-सहा दिवस असे गेलेत का, की झोप दोन-तीन तास होऊनही थकवा नव्हता, बोलणं थांबत नव्हतं, पैसे उधळले, मोठमोठे बेत केले आणि घरचे म्हणाले की हा असा कधी नव्हता?" हा प्रश्न बायकोला किंवा आईला जरूर विचारा, त्या दिवसांत तो स्वतः मजेत असतो, त्याला ते आजारपण वाटलेलंच नसतं. उत्तर होकारार्थी आलं तर अँटिडिप्रेसंट सुरू न करता रेफर करा.

दुसरा दारूचा. "घेता का?" याचं उत्तर "कधीतरी" असतं. आकडा विचारा. आठवड्यातले किती दिवस? एका बैठकीला क्वार्टर की हाफ? सकाळी हात थरथरतात का? एक क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, म्हणजे व्हिस्की-रमची साधारण सहा स्टँडर्ड ड्रिंक. "फक्त एक क्वार्टर" म्हणणारा माणूस रोज सहा पेग रिचवत असतो, हे त्याला सांगितलं की तोही चपापतो. गांजा आणि तंबाखूही इथेच विचारून घ्या.

तिसरा प्रश्न आत्महत्येचा. विचारल्याने मनात विचार पेरला जातो, ही भीती निराधार आहे. बहुतेक पेशंटना हलकं वाटतं. मी साधारण असं विचारतो:

"एवढा त्रास होतो तेव्हा जगणं नकोसं वाटतं का, ताई?"

"वाटतं कधीकधी."

"नुसतं नकोसं वाटतं, की स्वतःला काही करून घ्यावं असंही मनात येतं?"

"पोरांकडे बघून थांबते."

या शेवटच्या वाक्याने डॉक्टरला हायसं वाटतं, आणि तिथेच तो थांबतो. पण त्यात दोन गोष्टी आहेत: थांबवणारी पोरं आहेत, आणि थांबण्याची वेळ येते आहे. पुढे विचारायलाच हवं. कसं करायचं हे ठरवलंय का? आधी कधी प्रयत्न झालाय का? घरात तसं काही हाताशी आहे का? ठरवलेला मार्ग, आधीचा प्रयत्न, दारू आणि एकटेपणा यांतलं काही आढळलं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा, सोबत माणूस देऊन. विचार येतात पण बेत नाही, अशी पेशंट असेल तर तिच्या संमतीने घरच्या एका माणसाला विश्वासात घ्या. धोका जवळ दिसत असेल तर मात्र संमतीसाठी अडून बसू नका. गोळ्या एका वेळी आठवड्याच्याच द्या आणि त्या माणसाकडे ठेवा. घरातली कीटकनाशकं आणि जुन्या गोळ्यांचे साठे काढून टाकायला सांगा. ॲमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्याची जुनी ट्रायसायक्लिक औषधं अशा घरात नकोत, ती जास्त घेतली गेली तर हृदयाला घातक ठरतात. चिठ्ठीवर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्या. ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

निदान: नाव ठेवण्यापुरतं

सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, नऊपैकी पाच लक्षणं आणि त्यात उदासी किंवा रस जाणं यांतलं एक असलंच पाहिजे: हे नैराश्य. बाकीची सात म्हणजे झोप, भूक, थकवा, संथपणा किंवा तगमग, अपराधी वाटणं, लक्ष न लागणं आणि मरणाचे विचार. पीएचक्यू-९ ही प्रश्नावली हेच नऊ मुद्दे विचारते. मराठीत मिळते, पाच मिनिटांत होते. २७ पैकी १० किंवा जास्त आले तर दखल घ्यायची, २० किंवा जास्त म्हणजे तीव्र. मी ती निदानासाठी कमी आणि मोजपट्टी म्हणून जास्त वापरतो: पहिल्या दिवशीचा आकडा केसपेपरवर असला की महिन्याभराने "बरं वाटतंय जरा" या उत्तरावर विसंबावं लागत नाही.

काळजीच काळजी, विषय बदलत राहतो, मान आणि खांदे आखडलेले, झोप लागत नाही, हे सहा महिने चाललेलं असेल तर सर्वसाधारण चिंताविकार. जीएडी-७ या चिंतेच्या प्रश्नावलीत १० किंवा जास्त. उदासी आणि चिंता दोन्ही एकत्र असणं हेच जास्त आढळतं. उपचाराची सुरुवात दोन्हींना सारखीच, त्यामुळे नावावर रात्र घालवू नका.

ओसीडीचा, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती सुटत नाहीत अशा आजाराचा पेशंट स्वतःहून सांगत नाही. हाताची साल निघालेली, बिल पाण्याचं भरमसाट, आंघोळीला दीड तास. घाणेरडे किंवा देवाविषयीचे नकोसे विचार येतात हे सांगायला तर तो मेल्याहून मेला होतो. "नको असताना तोच तोच विचार येतो आणि काही केल्याशिवाय चैन पडत नाही, असं होतं का?" एवढं विचारा. औषधं नैराश्याचीच, पण डोस मोठा लागतो आणि दहा-बारा आठवडे थांबावं लागतं. सोबत विधीपासून स्वतःला रोखण्याची थेरपी हवीच.

तरुण मुलगा "धातू जाते, अशक्तपणा आलाय" म्हणून येतो. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये या तक्रारीला धात सिंड्रोम असं नाव दिलं. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या गुप्तरोगवाल्यांच्या जाहिरातींनी या मुलांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्याही आजाराने केलं नसेल. शरीरशास्त्र समजावून सांगा, हसू नका, आणि खाली लपलेलं नैराश्य शोधा.

नवरात्रात अंगात येतं, तासाभराने बाई नेहमीसारखी घरकामाला लागते: हा आजार नव्हे. त्यामुळे तिचं किंवा घराचं काही अडत असेल तेव्हाच त्यात पडायचं. देवऋषीकडे जाऊन आलेल्या घराला झापू नका. मारहाण, उपाशी ठेवणं आणि औषध बंद करणं या तीन गोष्टींना मात्र ठाम नाही म्हणा.

पॅनिक आणि सव्वाआठची फास्ट

पॅनिकचा झटका दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो. धाप, घाम, मरणाची भीती, वेडा होईन ही भीती. अर्ध्या तासात ओसरतो. त्यानंतर जे घडतं ते ठाणेकरात ओळखणं सोपं आहे, फक्त प्रश्न नेमका हवा: "हल्ली कुठल्या गाडीने जाता?" ज्याने दहा वर्षं फास्ट लोकल पकडली तो अचानक स्लोने जायला लागतो, कारण तिच्यात मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूर असं दर तीन-चार मिनिटांनी उतरता येतं. दारापाशी उभा राहतो. पाण्याची बाटली आणि अल्प्राझोलाम खिशात असल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. मग वर्क फ्रॉम होम मागून घेतो. आजार झटक्यापेक्षा या टाळाटाळीत मुरतो.

औषध अर्ध्या डोसने सुरू करा, कारण एसएसआरआयने (एसिटालोप्राम, सर्ट्रालिन या गटातल्या औषधांनी) पहिल्या आठवड्यात धडधड वाढल्यासारखी वाटते आणि पॅनिकचा पेशंट तिथेच पळतो. एसिटालोप्राम ५ किंवा सर्ट्रालिन २५, आठवड्याभराने दुप्पट. त्याबरोबर लोकलच्या प्रवासाची, सोप्यापासून अवघडापर्यंत एकेक पायरी अशी यादी त्याच्याच हाताने लिहून घ्या. पहिल्यांदा भरदुपारी फलाटावर वीस मिनिटं बसून परत. मग दुपारच्या स्लोने मुलुंड, सोबत भाऊ. मग एकटा. मग घाटकोपर. मग संध्याकाळी उलट दिशेची रिकामी फास्ट. सर्वांत शेवटी सकाळची गर्दी. एक पायरी रोज, भीती निम्मी होईपर्यंत तीच पायरी. नियम एकच: घाबरलो म्हणून मध्ये उतरायचं नाही, भीती उतरेपर्यंत बसून राहायचं. हे मानसशास्त्रज्ञाकडून झालं तर उत्तमच, पण फॅमिली डॉक्टरने कागदावर लिहून दिलेल्या यादीनेही पुष्कळ लोक डब्यात परत चढतात.

पहिली चिठ्ठी

सौम्य नैराश्य असेल, पीएचक्यू दहाच्या आत असेल, कारण स्पष्ट असेल, तर गोळीची घाई नको. रोजचं चालणं, उठण्याची ठरलेली वेळ, बंद पडलेल्या गोष्टींतली एक पुन्हा सुरू करणं, समुपदेशन आणि दोन आठवड्यांनी भेट. मध्यम किंवा तीव्र असेल तर एसएसआरआय.

दोन औषधं नीट वापरायला शिका, बाकीची आमच्यावर सोडा. एसिटालोप्राम ५ मिलिग्रॅम आठवडाभर, मग १०. गरज पडल्यास २०, पण ६५ च्या पुढे १० ची मर्यादा पाळा आणि ईसीजीत क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातलं एक अंतर) लांबलेला असेल तर नकोच. सर्ट्रालिन २५ ने सुरू करून ५०, पुढे १०० आणि वर. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना आणि अंगावर पाजणाऱ्या आईला मी हेच पसंत करतो. दोन्ही जेवणानंतर, सकाळी.

सोबतच्या गोळ्यांकडे लक्ष हवं. ॲस्पिरिन किंवा डायक्लोफेनाकबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. वेदनाशामक ट्रामाडॉलबरोबर सेरोटोनिन सिंड्रोमचा, म्हणजे शरीरात सेरोटोनिन अति वाढण्याचा. बीपीसाठी थायाझाइड घेणाऱ्या आजींचं सोडियम घसरू शकतं. दोन ते चार आठवड्यांत एकदा तपासा, नाहीतर "आजी बरळायला लागल्या" म्हणून फोन येईल.

पेशंटला काय सांगायचं ते औषधाइतकंच महत्त्वाचं. माझं पाठ झालेलं वाक्य असं: "पहिले आठ दिवस मळमळेल, थोडं अस्वस्थ वाटेल, ते जाईल. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. फरक आधी घरच्यांना दिसेल, मग तुम्हाला. बरं वाटलं म्हणून बंद करायचं नाही. आणि जगणं जास्तच नकोसं वाटायला लागलं, तर तारखेची वाट न बघता फोन करायचा." हे शेवटचं पंचविशीच्या आतल्या मुलांना दोनदा सांगा, सुरुवातीच्या आठवड्यांत त्यांच्यात असे विचार वाढू शकतात.

दुसरी भेट, आणि तिसरी

माझ्या मते उपचार खरा इथे सुरू होतो. चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहा, "गरज वाटल्यास या" असं लिहू नका. उदास माणसाला गरजच वाटत नाही, तोच त्याचा आजार आहे.

आठव्या दिवशी भेट किंवा निदान फोन. मळमळ, तगमग, झोप आणि आत्महत्येचे विचार, एवढंच. गोळ्या खरोखर घेतल्या का हे पाकीट मागवून बघा. निम्म्या वेळा "सवय लागेल" म्हणून शेजारणीने थांबवलेल्या असतात. एसएसआरआयची तलफ लागत नाही हे इथे सांगायचं, आणि अचानक सोडल्यावर चक्कर आणि डोक्यात झटके बसल्यासारखं होतं हेही.

दोन आठवड्यांनी पूर्ण डोसवर आलोय याची खात्री. चार आठवड्यांनी पुन्हा पीएचक्यू. १८ चे १६ झाले असतील तर ते यश नव्हे, डोस वाढवा. निम्म्यावर आला असेल तर तोच डोस ठेवून थांबा. पाचच्या खाली म्हणजे खरं बरं होणं. "आता ठीक आहे" म्हणणाऱ्या, पण पीएचक्यू बारा असलेल्या पेशंटवर समाधान मानू नका. सहा ते आठ आठवडे पुरेसा डोस देऊनही हलत नसेल तर औषध बदला किंवा पाठवा. तिसरं औषध फॅमिली डॉक्टरने वापरू नये असं माझं मत आहे.

लैंगिक दुष्परिणाम कुणी आपण होऊन सांगत नाही, पण त्यापायी औषध सोडणारे खूप. विवाहित पुरुषाला सरळ विचारा, बाईला खाजगीत विचारा. उपाय असतात.

पूर्ण बरं वाटल्यावर सहा ते नऊ महिने तोच डोस. दुसऱ्यांदा आजार आला असेल तर दोन वर्षं तरी. या काळात औषध तुटतं ते मे महिन्यात आणि गणपतीत. कुटुंब गावी जातं, गोळ्या ठाण्यात राहतात, तालुक्याच्या दुकानात तो ब्रँड नसतो. ऑगस्टच्या भेटीत विचारा, "कोकणात कधी निघताय?" आणि तेवढ्या गोळ्या जास्त द्या. थांबवताना निदान चार आठवडे हळूहळू कमी करा, परीक्षेच्या किंवा लग्नाच्या तोंडावर नको.

झोपेची गोळी

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम आणि एटिझोलाम वाईट औषधं नाहीत. एसएसआरआय चढेपर्यंत दोन आठवडे, फार तर चार, ०.२५ ते ०.५ क्लोनाझेपाम रात्री दिली तर पेशंट टिकतो. अडचण एवढीच, की चिठ्ठीवर शेवटची तारीख नसते. सुरू करतानाच लिहा: "१५ दिवस, नंतर अर्धी १५ दिवस, नंतर बंद." दारू पिणाऱ्याला, घोरून मध्येच श्वास अडकणाऱ्याला आणि पडण्याची भीती असलेल्या वृद्धाला टाळा.

वर्षानुवर्षं घेत असलेल्या काकांची गोळी एका दिवसात हिसकावू नका, फिट येऊ शकते. दर दोन-तीन आठवड्यांनी दहा-वीस टक्के कमी. शेवटचा पाव तुकडा सोडायला सर्वांत जास्त वेळ लागतो, लागू द्या.

दारू, आणि श्रावणातला पहिला आठवडा

रोज पिणारा माणूस गटारीला पोटभर पितो आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळतो. घरचे खूश. सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलटी, झोप उडणं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात डिलिरियम ट्रेमेन्स (डीटी): भिंतीवर किडे दिसतात, वेळ-जागा कळत नाही, ताप आणि बीपी चढतं. "श्रावण पाळला म्हणून देवी कोपली" की काय, असं घरच्यांना वाटतं. श्रावण, गणपती आणि मार्गशीर्ष सुरू होण्याआधी आपल्या यादीतल्या पिणाऱ्यांना बोलावून घ्या. सोडायचीच असेल तर औषधाच्या आधाराने सोडू या, असं सांगा.

आधी फिट किंवा डीटी झालेला, ताप असलेला, कावीळ झालेला किंवा घरी सोबत कुणी नसलेला माणूस भरतीच करावा. बाकीच्यांना घरी क्लोरडायझेपॉक्साइड २५ मिलिग्रॅम, लक्षणांप्रमाणे दिवसातून तीन-चारदा, रोज कमी करत पाच-सात दिवसांत बंद. गोळ्या बायकोच्या हातात आणि तुमची रोज भेट. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) १०० मिलिग्रॅम सगळ्यांना, आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी इंजेक्शनने. आपल्याकडे अशक्त दारुड्याला पहिलं सलाइन डेक्स्ट्रोजचंच (ग्लुकोजचंच) लागतं, तेवढी सवय मोडा. गोंधळलेपण, तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं यांतलं काहीही दिसलं तर थायमिनचा मोठा डोस शिरेतून लागतो, म्हणजे हॉस्पिटल.

एक गोष्ट कळकळीची. दारू सोडवण्यासाठीची डायसल्फिरामची गोळी नवऱ्याला न सांगता चहात किंवा भाजीत मिसळायची, हा सल्ला केमिस्टपासून शेजाऱ्यापर्यंत कुणीही देतो. त्यावर दारू पोटात गेली की बीपी कोसळून जीव जाऊ शकतो, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ही गोळी पेशंटला माहीत असताना, त्याच्या सहीनेच द्यायची.

आजी-आजोबा, बाळंतीण

गावाहून घोडबंदर रोडच्या सतराव्या मजल्यावर आणलेल्या आजोबांचं "विसरायला लागलेत" हे तीन गोष्टींपैकी एक असतं. महिन्या-वर्षांत हळूहळू वाढलं तर स्मृतिभ्रंश. "मला काही आठवतच नाही" असं स्वतःच सांगतात, जेवत नाहीत, पहाटे जाग येते, तर नैराश्य. दोन दिवसांत सुरू झालं, सकाळी बरं, रात्री गोंधळ, तर डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडाने आलेला गोंधळ. शेवटचं ओळखायला आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा: शनिवार, शुक्रवार, गुरुवार. शाळा न शिकलेल्या आजीलाही हे जमतं, डिलिरियममध्ये मात्र बुधवारपर्यंत येता येता गाडी भरकटते. मग लघवीचा संसर्ग, सोडियम, साखर, तुंबलेली लघवी आणि नवी औषधं शोधा. झोपेच्या गोळीने हा गोंधळ वाढतो.

माहेरी आलेल्या बाळंतिणीला लसीकरणाच्या भेटीत दोन मिनिटं विचारा. तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं रडू आपोआप जातं. दोन आठवड्यांनंतरही राहिलं तर नैराश्य. पहिल्या दोन आठवड्यांत झोप पूर्ण उडाली, बाळाविषयी विचित्र बोलणं सुरू झालं, तर तो सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं. त्याच दिवशी भरती करा आणि बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका.

पाठवायचं कधी, आणि चिठ्ठीत लिहायचं काय

सायकोसिस, मॅनिया, आत्महत्येचा बेत, गरोदरपणातला तीव्र आजार, लहान मुलं आणि दोन औषधांना दाद न देणारं नैराश्य: हे आमच्याकडे पाठवा. आम्ही स्थिर करून परत दिलेल्यांत मॅनियासाठी लिथियम घेणारे असतील. त्यांची पातळी गोळीनंतर बारा तासांनी, ०.६ ते ०.८ च्या आसपास. दर सहा महिन्यांनी टीएसएच, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम. त्यांना आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनाक देऊ नका. जुलाब झाले किंवा निर्जळी उपास धरला की लिथियम चढतं. हात जोरात थरथरणं, तोल जाणं आणि उलट्या दिसताच गोळी थांबवून पातळी तपासा. मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅलप्रोएट (फिट आणि मॅनियाचं औषध) लिहिलेलं दिसलं तर ते आपणहून बंद न करता आम्हाला विचारा. गर्भाला त्याचा मोठा धोका असतो.

सायकोसिससाठी रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉल सुरू केल्यावर मान वळून अडकली, डोळे वर गेले, तर घाबरू नका: प्रोमेथाझिन २५ ते ५० मिलिग्रॅम स्नायूत.

पेशंट आक्रमक आहे, ऐकत नाही, जीव धोक्यात आहे, अशा वेळी मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ९४ कुठल्याही नोंदणीकृत डॉक्टरला, नामनिर्देशित प्रतिनिधी (पेशंटच्या वतीने निर्णय घेणारा माणूस) हजर असेल तर त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू देतं. शॉक ट्रीटमेंट त्यात बसत नाही. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला कलम ११५ गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखाली असल्याचं गृहीत धरतं, तेव्हा घरच्यांना "पोलीस केस होईल" म्हणून लपवू देऊ नका. याच कायद्याप्रमाणे आरोग्य विम्यात मानसिक आजारालाही इतर आजारांसारखंच संरक्षण द्यावं लागतं. हे पेशंटला माहीत नसतं.

ज्यांना खाजगी फी झेपत नाही त्यांच्यासाठी ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, ओपीडीही चालते. "येड्यांचं हॉस्पिटल" म्हणून लोक कचरतात. तुम्ही स्वतः फोन करून पाठवलंत तर जातात. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयही आहे. समुपदेशन आणि थेरपीसाठी ठाण्यात १९९० पासून काम करणारी आयपीएच संस्था आहे.

चिठ्ठीवर "मानसिक तपासणीसाठी" एवढंच लिहू नका. लक्षणं कधीपासून, पीएचक्यूचा आकडा, मॅनिया, दारू आणि आत्महत्या या तीन प्रश्नांची उत्तरं, कुठलं औषध, किती मिलिग्रॅम, किती आठवडे, टीएसएच आणि ईसीजी. खाली घरच्या कुणाचा फोन, आणि "स्थिर झाल्यावर माझ्याकडे परत पाठवा" ही ओळ.